हार्वेस्टरची ओटी

कोपरगावजवळच्या सरकारी बियाणे-शेतावर विजया स्टोअर सांभाळायची. चार दिवसांपूर्वी नव्या हार्वेस्टरचा नवा ड्रायव्हर गोरक्ष तिच्या खिडकीशी आला. त्याने ग्रीसचा डबा मागितला, तिने फॉर्म मागितला... आणि तो असा काही हसला की फॉर्म राहूनच गेला.

आज त्याच माणसाची नोकरी टांगणीला लागली होती. कापणीचा पहिला दिवस, आणि गव्हाची पहिलीच टाकी ओतताना हार्वेस्टर अडला. गहू बाहेर ओतणाऱ्या नळीतलं लांबलचक मळसूत्र वाकलं होतं. गारांचं आभाळ गोदावरीवरून पुढे सरकत होतं. "ड्रायव्हरची चूक निघाली, तर उद्याच घरी," मॅनेजर बजावून गेले होते.

बाकीची माणसं कापलेला गहू झाकायला धावलेली. स्टोअरमधलं एकुलतं एक नवं मळसूत्र विजयाने स्वतः गाडीत घालून आणलं.

"बाई, हे टोक धरता?"

"धरते. साडीला ग्रीस लागलं तर?"

"रॉकेल आनून दीन... फॉर्म भरून."

त्याने साखळी उतरवली, बोल्ट सोडले. तो आतून ढकलू लागला, ती बाहेरून ओढू लागली. मळसूत्र सरकत सरकत निघालं. त्याच्या बुडाशी करवंटीचे तुकडे आणि पिळवटलेला हिरवा खण.

विजयाने खण ओळखला. नवी लक्ष्मी आली, तिला मोकळी कशी ठेवायची, म्हणून सकाळी कुणाला न सांगता तिनेच टाकीत खणा-नारळाची ओटी भरली होती.

गोरक्षने खण पाहिला. मग तिची त्याच खणाची चोळी पाहिली. त्याने खण आणि तुकडे गोळा करून खिशात कोंबले.

"गोरक्ष, ते मी—"

"टोक उचला. पानी यील."

नवं मळसूत्र बसवताना दोघांची बोटं एकमेकांवर आली... आणि तशीच राहिली. मग त्याने बोल्ट आवळले, साखळी चढवली. इंजिन घरघरलं आणि गव्हाची धार ट्रॉलीत पडू लागली.

मॅनेजर आले. "कशाने वाकलं?"

"टाकी बगायची ऱ्हायली, सायेब. चूक माजी."

"नाही," विजया म्हणाली. "टाकीत नारळ मी ठेवला. मशीनची ओटी भरली."

मॅनेजरांनी हात पुढे केला. "स्टोअरची किल्ली द्या. मेमो उद्या घरी पोचेल." किल्ली घेऊन ते निघून गेले.

"कशाला बोललात?" गोरक्ष चिडून म्हणाला. "मी शेवगावला माघारी गेलो असतो, माजं काय आडलं हुतं?"

"तुम्ही गेला असता... म्हणूनच."

पहिले थेंब पत्र्यावर वाजले, पण वर चढायचं त्याला सुचेना.

"उद्या तुमच्या वडलांना भेटाया येतो," तो हळूच म्हणाला. "नोकरी हाय, एवढं तरी सांगता यील."

विजयाने डोळे पुसले, आणि ग्रीस गालभर पसरलं.

"मेमो दहाच्या टपालाने येतो," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या आधी या."