केडगावहून वळलेली गाडी

२००३ साली मी कारेगावात खोली घेऊन राहत होते. कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम, पाळी सहा ते दोन. तीनच्या सुमाराला घरी पोचायचे तेव्हा डोळे चुरचुरत असायचे आणि कानात मशिनची घरघर चालूच असायची. आई गेल्यावर अण्णांना दौंडहून माझ्याकडे आणलं होतं. त्यांची सगळी नोकरी वाफेच्या इंजिनावर गेली. कारेगावात त्यांना झोप लागेना. शिरूर तालुक्यात रेल्वेची लाईनच नाही.

"कंपन्यांचा आवाज येतो," ते म्हणायचे, "पन गाडी येत न्हाई."

आमच्या कंपनीतला एक परदेशी इंजिनियर परत जाताना त्याचं विजेवर चालणारं छोटं रेल्वे इंजिन मला देऊन गेला. वीतभर लांब, खऱ्याची हुबेहूब नक्कल. आत एक बोर्ड आणि रुपयाएवढा स्पीकर. वेग वाढवला की भकभक जलद व्हायची, आणि डबे जोडून मोटरवर ताण आला की तीच भकभक जड व्हायची. डबे त्याने दिले नव्हते. मी फरशीवर सोबतचे गोल रूळ मांडले, इंजिन किती वीज ओढतं ते बघायला मीटर लावला. पाव अँपिअर. इंजिन हलक्या आवाजात फिरू लागलं आणि अण्णा भिंतीला टेकल्या टेकल्या झोपले.

पंधराएक दिवस बरे गेले. मग एका दुपारी मी जेवणाचा डबा घासत असताना ते म्हणाले, "मोने, गाडीला भार हाय."

"डबेच न्हाईत अण्णा."

"चार हायत. पाटस ठेसन सोडलंय."

आवाज मलाही जड वाटला. मीटर पाऊण दाखवत होता. मी इंजिन खोललं, गिअर पुसले, तेल दिलं. दुसऱ्या दिवशी रुळाचे दोन तुकडे घेऊन कंपनीत टेबलावर चालवून पाहिलं. पाव. घरी आणून लावलं. पाऊण.

मग अण्णा रोज सांगू लागले. डोळे मिटून, मान खाली घालून. सात डबे. नऊ डबे. केडगावला पाणी घेतलं म्हणाले त्या दिवशी मी स्पीकरमधून पाण्याची खळखळ ऐकली. बोर्डात पाच आवाज होते, मी मोजलेले. पाण्याचा त्यात नव्हता.

"आता वळली," ते म्हणाले.

"कुठं?"

"हिकडं."

"केडगावहून हिकडं लाईन न्हाई, अण्णा."

"ते मला सांगतीस व्हय?"

दोन दिवसांनी आवाज बदलला. खाली पोकळी असल्यासारखा, लोखंडी. वडगाव रासाई, भीमेवरचा पूल, अण्णा म्हणाले. भीमेवर तिथं रेल्वेचा पूल नाही. काटा दीडवर होता. मी उठले आणि प्लगला हात घातला.

"मधी नको, मोने. पुलावर हाय. आत मानसं हायत."

त्यांचा आवाज विनवणीचा होता. अण्णांनी मला कधी विनवलं नव्हतं. आणि वाद घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. मी हात काढून घेतला.

शनिवारी मी घरी आले तेव्हा अण्णा जागे होते. त्यांनी दाढी केली होती.

इंजिन मी लावलं. चार फेऱ्या झाल्या आणि ते आपोआप हळू झालं. रेग्युलेटरला मी हातही लावला नव्हता.

ब्रेक करकरले. लांबलचक.

इंजिन थांबलं.

थांबल्यावर काटा शून्यावर यायला हवा होता. तो दीडवरच होता. मग थोडा खाली आला. थांबला. पुन्हा थोडा खाली आला.

"किती वेळ लागंल?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"उतरू दे," अण्णा म्हणाले.

त्यांनी अंथरूण गुंडाळलं आणि ते कोपऱ्यात सरकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले. एका माणसाला लागते तेवढीच जागा.

काटा शून्यावर टेकला.

दारात शेजारच्या सारजाबाई आल्या, निवडायला नेलेलं सूप परत करायला. त्यांनी आत पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला.

"पाव्हणे हायत व्हय? मग येते," त्या हळूच म्हणाल्या.

उंबऱ्याबाहेर माझ्या आणि अण्णांच्या मिळून दोन जोड चपला होत्या. सारजाबाई लुगडं किंचित वर धरून, कशावर पाय पडू नये म्हणून जागा बघत, पाच-सहा पावलं जपून टाकत गेल्या.