साडेएकोणपन्नास मिनिटं उत्तर

डबा जागेवर नाही हे शालिकरामला दिवाळीनंतरच्या मंगळवारी कळलं. बालाघाटहून लामत्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका सपाट शेताच्या कडेला तो उभा होता. हातातलं जीपीएस यंत्र अंतर शून्य दाखवत होतं. पायाशी गुडघाभर खोल खड्डा होता. ताजा आणि रिकामा.

त्याची बायको गीता श्रावणात गेली. तिला जिओकॅशिंगचा नाद होता. पाणी शिरणार नाही असा डबा रानात दडवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्यांनी यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. डबा पुरायचा मात्र नाही. कुदळ लागली की तो डबा बाद, असं गीता सगळ्यांना सांगायची.

तिचा शेवटचा डबा वेबसाइटवर नव्हता. तो शालिकरामसाठी होता. आत चिठ्ठी आहे, एवढंच ती म्हणाली होती.

खड्डा पाहून तो सरळ पौर्णिमा मेश्रामच्या दारी गेला. पौर्णिमा नर्स होती आणि सहा वर्षं गीतासोबत डबे शोधत फिरली होती. शेवटच्या डब्याची जागा तिला ठाऊक होती. शेजारपाजारचे लोक ओट्यावर बसले होते. त्यांच्यादेखत तो जे बोलला, ते त्याने कमलाला सांगितलं नाही. डबा चोरीला गेला, एवढंच सांगितलं.

कमला बिसेन गीताची धाकटी बहीण. लग्नाआधीच्या चौकशा, हरवलेली माणसं, अशी खाजगी तपासाची कामं ती बारा वर्षं करत होती. मलाजखंडच्या खाणीतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाल्यापासून शालिकराम तिची स्कूटर चालवायचा आणि वहीत टिपणं लिहायचा. डोकं चालवायचं काम कमलाचं. या वेळी केसच त्याची होती.

"भाऊजी, ताई काय बोलली ते सांगा. जसंच्या तसं."

"नाकाले नळी होती तिच्या. म्हणे, एकवीस अंश, साडेएकोणपन्नास मिनिटं उत्तर. ऐंशी अंश, सव्वाअकरा मिनिटं पूर्व. म्या दोनदा म्हणवून घेतलं, मग लिहिलं."

त्याने वही पुढे केली. पानावर नीट दोन ओळी होत्या. २१ – ४९.३०. खाली ८० – ११.१५. त्याखाली: पळसाजवळ, खडकाच्या फटीत.

"अक्षर मस्त आहे. हजेरीपटावानी," कमला म्हणाली. पान तिने लवकर मिटलं नाही. "आणखी काय म्हणे?"

"पौर्णिमाले घेऊन जा म्हणे."

"मग?"

"एकटाच गेलतो."

"काहून?"

"माही बायको. माही चिठ्ठी."

ते आधी राकेशकडे गेले. राकेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गीताचं यंत्र आठ दिवस त्याच्याकडे पडून होतं.

"अंकलले वाटते का मी मशीनमधून पत्ता काढून डबा उडवला?" राकेश हसला. "कमलाताई, हा पत्ता मशीनमध्ये होताच कुठं? तो अंकलनं घरी नेल्यावर टाकला. मी फक्त बॅटरी बदलली. अन् चहा पाजला, तो वेगळाच."

"मशीन चुकते किती?"

"मोकळ्यात तीन-चार मीटर. झाडाखाली दस. उससे ज्यादा नहीं." त्याने बटण दाबून पडदा दाखवला. "गीताचाचीनं ठेवलं होतं तसंच आहे. अंश, मग मिनिट, अन् पॉइंटनंतर मिनिटाचे तीन आकडे. सेकंद नाई."

शालिकरामने तेही टिपून घेतलं. राकेश आत पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा दोघं निघालेले होते.

शेत महागूचं होतं. तो बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"खड्डा माहाच हाय. दिवाळीले आंगण भराले मुरूम काढला."

"खोदताना डबा दिसला?"

"डबा कायचा? एक बेंडकुळी निघाली." त्याने शालिकरामकडे पाहिलं. "हे बुवा मंगळवारी माह्या खड्ड्यात डोकं घालून रडून राह्यले होते. म्हटलं, माह्या मुरमात याहीचं काय गेलं बापा."

शालिकराम यंत्राकडे बघत राहिला.

"इथं पळस होता काय? तोडला असेल?" कमलाने विचारलं.

"धानाच्या बांधीत पळस कोण ठेवते, बाई?"

पौर्णिमाच्या गल्लीत कमला एकटीच गेली. शालिकराम कोपऱ्यावर स्कूटर धरून उभा राहिला. त्या बाजूला बघायचं त्याच्याने झालं नाही.

पौर्णिमाने कमलाला आत घेतलं. "हौ, मी गेलती. पोळ्यानंतर, एकदाच. पावसात वही भिजते म्हणून कोरडं ठेवणारी पुडी टाकली. पेन सुकते, म्हणून पेन्सिल ठेवली. ताईनंच शिकवलं होतं ते. डबा होता तिथं ठेवला. त्या चढावर गुडघे गेले माहे."

"आत काय होतं?"

"ते मी नाई सांगत. ताई म्हणे, हे बोलावतील तेव्हा ये. दिवाळीपर्यंत वाट पाह्यली. मग आले." तिने बाहेर ओट्याकडे बोट केलं. "असे आले."

"काय बोलले?"

"त्यायलेच विचारा. ओट्यावर माही सून बसली होती. तिलेही ठाऊक आहे."

"उद्या सकाळी तिथं येशील?"

"तुमच्या बोलावण्यानं नाई येत, कमलाताई. त्यायनं बोलावलं तर येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमला खड्ड्याच्या कडेला उभी राहिली. शालिकरामने सवयीने वही उघडली.

"लिहू नका. ऐका," ती म्हणाली. "डबा कोणी चोरला नाई. तो इथं नव्हताच. ताई डबा कधी पुरत नव्हती, मग खड्डा डब्याचा कसा? हा मुरमाचा. इथं पळस नाई, खडक नाई. पौर्णिमाचे गुडघे चढावर दुखले. इथं चढ कुठं आहे?"

"पण मशीन तर..."

"मशीन दहा मीटरच्या वर चुकत नाई. म्हणजे मशीन बरोबर, आकडा चूक. आकडा कोणं टाकला?"

शालिकरामने वहीतलं आकड्यांचं पान काढलं.

"भाऊजी, साडेएकोणपन्नास म्हणजे किती?"

"एकोणपन्नास तीस."

"घड्याळात. तीस वर्षं तुम्ही साडेआठची पाळी आठ-तीस लिहिली, सव्वादोनची दोन-पंधरा. ताईची मिनिटं घड्याळाची नव्हती, दशांशाची होती. साडे म्हणजे अर्धं. पॉइंट पाचशे. सव्वा म्हणजे पॉइंट दोनशे पन्नास."

तिने यंत्रात आकडे बदलले. बाण फिरला. चारशे आठ मीटर, ईशान्येला.

तिकडे बुटकी टेकडी होती. ते चढले. वर पळस होता, त्याच्या मुळाशी खडक, खडकाच्या फटीत डबा. आत वही, पेन्सिल, पांढरी पुडी आणि बंद लिफाफा. लिफाफ्यावर गीताचं अक्षर होतं: शालिकराम आणि पौर्णिमा. दोघांनी मिळून उघडावं.

शालिकराम खाली बसला.

"आणखी एक राह्यलं," कमला म्हणाली. "मशीन आठ दिवस राकेशकडे होती. पहिला संशय त्याच्यावर यायचा. त्याच्या दारी तुम्ही ओरडाले नाई गेले. पौर्णिमाच्या गेले. काहून?"



"गीतानं तुले आमच्या कपात चहा पाजला, त्याचं हे फळ. असं म्हटलं म्या तिले."

कमलाने लिफाफा डब्यात ठेवला.

"पहिले घरात तिच्यासाठी वेगळा कप होता," तो म्हणाला. "गीतानं तो फोडला. दुसऱ्या दिवशी म्या नवा आणून ठेवला. गीता त्यातच प्याले लागली, तवा म्या तो टाकला. तुले हे नाई सांगतलं."

"मले सांगून काय होते? तिले सांगा," कमला म्हणाली.

त्याने डब्यातल्या वहीत सही केली. वेळ लिहिताना पेन्सिल थांबली. मग त्याने अक्षरात लिहिलं, सकाळचे साडेनऊ. डबा त्याने स्वतःच्या हाताने फटीत परत ठेवला.

त्यानंतर तो दोनदा स्कूटर घेऊन पौर्णिमाच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. दोन्ही वेळा ओट्यावर माणसं होती. माफी त्यांच्यादेखतच मागायला हवी, हे त्याला कळतं.

लिफाफा बंद आहे. माफी अजून मागायची आहे.