उपाशी पट्टा

शिरूरमध्ये खासगी गुप्तहेराला खून मिळत नाहीत, लग्नाच्या स्थळांच्या चौकशा मिळतात. त्यामुळे कृषी महाविद्यालयातली तेजश्री गुरांच्या घासाची तक्रार घेऊन आली, तेव्हा अनुपमा देवकातेंना बरंच वाटलं.

"केंदूरला हौसरावांच्या तीन वर्षांच्या लसूणघासात माझा प्रयोग आहे. एका पट्ट्याला सुपर फॉस्फेट, शेजारचा बिनखताचा. कापल्यावर दोन्हींचं वजन सारखंच! खत टाकायला तिथल्या मजुराला, इरशादला, दिलं होतं. त्यानं ते विकलं, असं मी डेअरीवर चारचौघांत बोलले. आता त्याला कुणी कामाला बोलवत नाही. आणि माझी खात्री उडालीय."

"चोर इरशादच," सहायक विश्वजीत म्हणाला. त्याचे निकाल लवकर लागत.

केंदूरला इरशाद बांधावर उभ्यानंच बोलला. "खत टाकलं, पाणी दिलं, रिकामी गोणी मॅडमला परत दिली."

"दिली," तेजश्री पुटपुटली.

हौसराव म्हणाले, "मी तवा महिनाभर दौंडला लेकीकडं, डोळ्याच्या ऑपरेशनला. आन् सुपर मी कवाच आणत न्हाई. युरिया टाकला की झालं."

त्यांच्या पत्नी मुक्ताबाई सुपरच्या रिकाम्या गोणीवर बसून गाईंसाठी घास कापत होत्या. "मला अडाणी बाईला काय इचारता?"

अनुपमा रानात फिरून आल्या. दोन्ही पट्टे पुन्हा गुडघ्याला आले होते. त्याच दिवशी कापलेलं बाकीचं रान जेमतेम वीतभर.

"पट्टे सारखे, म्हणजे दोन्ही उपाशी किंवा दोन्ही जेवलेले," त्या म्हणाल्या. "उपाशी घास केवढा राहतो, ते पट्ट्यांबाहेर दिसतंय. इरशादनं खत विकलं असतं, तर त्याचा पट्टाही वीतभरच राहिला असता. म्हणजे त्यानं टाकलं, आणि दुसऱ्या पट्ट्याला कुणीतरी आणखी खत आणून घातलं. इरशादची गोणी तेजश्रीकडे. हौसराव सुपर आणत नाहीत, शिवाय ते दौंडला. मग मुक्ताबाई, तुम्ही बसलाय ती गोणी कुठली?"

विळा थांबला.

"एकाला वाढायचं आन् शेजारच्याला बघत ठिवायचं, ह्यो कसला पर्योग? मला बघवंना. एक गोणी आणली आन् टाकली." त्यांनी इरशादकडे पाहिलं नाही. "ह्याला चोर म्हणाले तवा मी तिथंच हुते, दुधाची किटली घिऊन. तोंड उघडलं न्हाई."

विश्वजीतनं वहीतलं 'चोर इरशाद' खोडलं.

"उद्या डेअरीवर मी सांगते," तेजश्री म्हणाली.

"मी बी," मुक्ताबाई म्हणाल्या.

"सांगा मावशी," इरशाद म्हणाला. "पण जरा मोठ्यानं. चोर म्हणलं तवा पार वेशीपर्यंत ऐकू गेलं हुतं."