बाराव्या बाळाची ओळ

तिचं काम म्हणजे शहाण्यांची अक्कल तोलणं. आहार-आरोग्यावर छापून आलेले शोधनिबंध एक संस्था तिला घरी पाठवायची. कुणाचा अभ्यास भरवशाचा आणि कुणाचा रद्दीच्या लायकीचा, हे ती दहापैकी गुण देऊन कळवायची. बहुतेकांची मजल तीनच्या पुढे जात नसे.

"पोतंभर पाखडावं तेव्हा मूठभर दाणे," ती नवऱ्याला म्हणायची, "तेही किडके."

त्या दुपारी, सात महिन्यांची लेक आतल्या खोलीत आजीकडे असताना, तिने चार वर्षांपूर्वी छापलेला एक निबंध उघडला. सुक्या पालेभाजीची पूड चाटवली की बाळं म्हणे झपाट्याने बाळसं धरतात. बाळं किती? बारा! तुलनेला दुसरा गट नाही. पैसा पूड विकणाऱ्यांचाच, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. वर वजनं ग्रॅमपर्यंत मांडलेली, जशी काही सोन्याची पेढीच. तिने दोन गुण टेकवले आणि शेरा लिहिला : 'बारावं बाळ मध्येच गळालं. कारण सांगायची तसदीही घेतलेली नाही.'

सासूबाई वाटी-चमचा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "पुन्हा थुंकलं सगळं. जगाच्या पोरांची वजनं तपासतेस, आपल्या पोरीचं बघ जरा."

"बघतेय ना, आई. दर शुक्रवारी नेतेय वजनाला."

"नुसतं तोलून वाढली असती, तर मी काटाच आणून ठेवला असता घरात."

ती तणतणत उठली आणि दवाखान्याचं कार्डच काढलं, सासूबाईंच्या पुढ्यात धरायला. ६.२४०. ६.२४०. ६.१८५.

हात तिथेच थांबला. हे आकडे तिने आत्ताच कुठेतरी वाचले होते.

सासूबाई आत गेल्यावर तिने कार्ड संगणकाच्या पडद्याला लावून धरलं. बाराव्या बाळाची ओळ. सात आठवडे, सात वजनं. ग्रॅमचाही फरक नाही.

योगायोग. ढगात देव बघणाऱ्यांची ती आजवर टर उडवत आली होती. एक आकडा कुणाचाही जुळेल. दोनही जुळतील. तिने कागद ओढून सातांचा हिशेब मांडायला घेतला, आणि अर्ध्यावर पेन ठेवलं.

ओळीत आठवा आकडा होता : ६.०१०. त्यापुढे आडवी रेघ.

शुक्रवारी तिने लेकीला दोन झबली घातली, वर लोकरी स्वेटर, मोजे, टोपडं, आणि दुपट्यात गच्च गुंडाळलं. मोजमापात लबाडी करणाऱ्यांना तिने कायम शून्य दिलं होतं. आज ते आठवूनही तिचा हात थांबला नाही.

"ताई, कपडे काढा की," सिस्टर म्हणाली. "नेहमी काढता."

"सर्दी आहे तिला. असंच घ्या."

"अहो, मग आकडा खोटा येईल."

"येऊ दे. खोटाच येऊ दे."

सिस्टरने खांदे उडवले. लेक काट्यात पडून छताकडे बघत होती. आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

थांबले.

सहा, शून्य, एक, शून्य.

सिस्टरने तिला उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं.

तेच.

"एवढ्या कपड्यांत?" सिस्टर हळूच म्हणाली. आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. छाती स्वच्छ, पोट मऊ, ताप नाही. सोमवारी दाखल करा, म्हणाले.

घरी येऊन, लेकीला छातीशी धरूनच, तिने एका हाताने तो निबंध उघडला. आठव्या आकड्याच्या डोक्यावर बारीकशी फुली होती. त्या फुलीची तळटीप तिने वाचली नव्हती. दोन गुणांच्या निबंधाच्या तळटिपा वाचतो कोण?

'या आठवड्याचे वजन कपड्यांसह घेतले. आईचा आग्रह.'