पुरातला कापूस

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा, आणि तो आज आमच्याच घरात राहतो. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दिवसाढवळ्या घडली. शुक्रवार, दुपारचे चार, बाहेर कडक ऊन.

पण सुरुवात झाली त्याच्या पाच आठवडे आधी, एका रविवारी.

मामा गाद्या बनवायचा. पुढे दुकान, दुकानात कापूस पिंजायचं यंत्र, मागे दोन खोल्या. घरात तो आणि मामी, दोघंच. समोरच्या घरात तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. अर्धांगाच्या झटक्यात बाईंचे पाय गेले होते, वाचाही गेली होती. उरली होती शाळेतली स्टीलची पट्टी. काही हवं असलं की त्या ती लोखंडी पलंगावर मारायच्या. तीन ठोके. मग थांबायच्या. मग पुन्हा तीन. वरच्या मजल्यावरून पुतण्या नाहीतर त्याची बायको खाली यायची.

त्या रविवारी दुपारी गल्लीत पुराचं पाणी शिरलं. गटारं उलटी फिरली होती. पाण्यावर डिझेलचा तवंग होता. मामा कापसाचे गठ्ठे माळ्यावर चढवत होता, मामी वरून ओढून घेत होती. पाणी गुडघ्याला लागलं, तेव्हा...

टण्. टण्. टण्.

"अहो, बाई बोलावतायत," मामी म्हणाली.

"वरचे आहेत ना. जाईल कुणीतरी."

"वरच्यांचा सकाळपासून आवाज नाही."

"आधी हा गठ्ठा धर."

तिने धरला.

अकरावा गठ्ठा वर गेला, तोवर ठोके थांबले होते.

"बघ," मामा म्हणाला. "गेलं कुणीतरी."

कुणीही गेलं नव्हतं. पुतण्या बायकोला घेऊन सकाळीच बाहेर पडला होता आणि पुलापलीकडे अडकला होता. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. बाईंच्या खोलीचं दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं, ते फोडावं लागलं. भिंतीवरची पाण्याची रेघ पलंगाच्या दीड हात वर होती.

पट्टी बाईंच्या मुठीत होती.

मामा याबद्दल कुणाकडे एक अक्षर बोलला नाही. मामीही नाही.

नंतरचा आठवडा गल्ली उपसण्यात गेला. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती. भिजलेल्या गाद्या, उशा फेकून द्या. वाळल्या तरी वापरू नका. लोकांनी फेकल्या, आणि नव्या घ्यायला मामाच्या दारात रांग लावली. वाचवलेले अकरा गठ्ठे चार दिवसांत संपत आले.

मग मामा रस्त्यावरच्या गाद्या उचलून आणायला लागला. फाडायचा, कापूस गच्चीवर पसरायचा, दोन उन्हं दाखवायचा.

"अहो, वास येतोय त्याला," मामी म्हणाली.

"उन्हाने सगळं मरतं."

"तुम्ही काय, नदीलाही खोळ शिवून विकाल."

मामा हसला. त्याची युक्ती साधी होती. एक भाग पुरातला कापूस, तीन भाग कोरा. यंत्रातून एकत्र पिंजून काढला की ना डाग दिसतो, ना वास कळतो. एकदा पिंजला की कुठला कापूस कुणाचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

बाईंची गादी पुतण्याने समोरच्याच खांबाला टेकवून ठेवली होती. जाड, जुन्या चांगल्या कापसाची. ती कुणाची, हे मामाला पक्कं ठाऊक होतं.

त्याने ती उचलली.

त्यातून चौदा उशा झाल्या आणि घरासाठी एक गादी. घरची गादी पुरात गेली होती, मामी फरशीवर झोपत होती. नवी गादी आपल्या लोखंडी पलंगावर बघून तिने एवढंच विचारलं, "ही कोऱ्या कापसाची ना?"

"मग काय तर."

त्याच दुपारी मामाने यंत्र बंद केलं. उडालेला कापूस चेहऱ्यावरून पुसला. हाताला ओला लागला...

आणि समोरून आवाज आला.

टण्. टण्. टण्.

मामा दारात आला. समोरच्या घराला कुलूप होतं. पुतण्या घर सोडून गेला होता. बाईंचा पलंग भंगारवाल्याने कधीच नेला होता.

"ऐकलंस?" त्याने मामीला विचारलं. ती शेजारीच उशीला टाके घालत बसली होती.

"काय?"

"कुणीतरी ठोकतंय."

"तुमच्या कानात कापूस गेलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. यंत्र थांबलं की तीन ठोके. मामा यंत्र जास्त वेळ चालू ठेवायला लागला.

सहाव्या दिवशी मामीला खोकला लागला. दहाव्या दिवशी जिना चढताना धाप लागली. डॉक्टरांनी छातीला तपासायची नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"घरात ओल आहे? बुरशी?"

"भिंती वाळल्यात," मामा म्हणाला.

"झोपता कशावर?"

"नव्या गादीवर. मीच बनवलीय."

मामीने त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिचा आवाजच बसला. दिवसभर ती त्याच गादीवर पडून असायची. उशाशी औषधाची बाटली आणि चमचा.

गल्लीच्या टोकाची एक गृहिणी उशी परत घेऊन आली.

"गादीवाले, ही जड व्हायला लागलीय. रोज थोडी थोडी."

"दमट हवा आहे, ताई."

"आणि आमचे हे म्हणतात, कान टेकवला की आत काहीतरी वाजतं."

"तुमच्या ह्यांचं वय झालं."

ती हसली नाही. उशी फळीवर ठेवून निघून गेली. ती जाताच मामाने टाके उसवले. आतला कापूस काळा पडला होता. पिळला, तर पाणी निघालं... डिझेलचा वास असलेलं.

घरातली गादीही त्याच कापसाची होती. ती त्याच क्षणी काढून टाकायला हवी होती. पण मग मामीला कारण सांगावं लागलं असतं. उद्या बघू, असं त्याने ठरवलं.

दुसरा दिवस शुक्रवार. दुपारचे चार.

मामाने यंत्र बंद केलं.

टण्. टण्. टण्.

त्याने यंत्र चालू केलं. थोड्या वेळाने बंद केलं.

टण्... टण्...

आज आवाज फार जवळून येत होता. मामाने दाराकडे पाठ केली. यंत्र पुन्हा चालू. पुन्हा बंद. अर्धा तास हाच खेळ चालला. दर वेळी ठोके हळू होत गेले. शेवटी एकच आला...

मग काही नाही.

मामाला हायसं वाटलं. हे त्याने स्वतः मला सांगितलं.

पाणी प्यायला तो आत गेला. मामी पलंगावर कडेला कलली होती. हातात औषधाचा चमचा. पलंगाच्या दांडीवरचा रंग एका जागी टवके उडून गेला होता.

खोली कोरडी ठणठणीत होती. मामीचे केस मात्र ओले होते. ओठांच्या कोपऱ्यातून काळपट पाणी उशीवर उतरत होतं.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण फुप्फुसातली बुरशी असं लिहून दिलं. लिहिण्याआधी त्यांनी मामाला बाजूला घेऊन विचारलं, "यांना पाण्यातून बाहेर काढलं का?"

शेजारीण दारात उभी होती. म्हणाली, "ठोकल्याचा आवाज आला हो आम्हाला. पण तुम्ही घरातच होतात ना."

मामाने गल्लीभर फिरून उशा मागितल्या. चौदातल्या नऊ परत मिळाल्या. घरची गादी आणि त्या उशा जाळायला काडी लावली, तर एकही पेटली नाही.

त्या शुक्रवारचे ठोके मामीचे होते, हे कळलं. पण त्याआधी? ती शेजारी बसून टाके घालत होती, तेव्हाचे ठोके कुणाचे?

आता आईने कढईवर उलथनं आपटलं तरी मामा हातातलं टाकून उठतो. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतो, "काय हवंय?"

"काही नको रे, दादा. बस तू," आई म्हणते. रोज म्हणते.

काल दुपारी आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी घरात एकटाच होतो. हेच लिहीत बसलो होतो. आमच्या भिंतीपलीकडे एक म्हातारे गृहस्थ राहतात. तेही एकटेच असतात.

भिंतीतून तीन ठोके आले.

थांबले. मग पुन्हा तीन.

ते त्यांचे होते की... मी उठलो नाही.

थोड्या वेळाने आवाज बंद झाला.

गेलं असेल कुणीतरी.