लारवुडच्या कुरणातली पेनी

"ती पेनी तूच पुरून ठेवली होतीस ना, किझाया?"

टॅम्सिनने विचारलं आणि गावच्या हॉलमध्ये बिस्किटं चावायचा आवाजसुद्धा बंद झाला. डल्सीने आणि मागच्या रांगेतल्या टोळीने तिला डिवचलं होतं, "सगळ्यांसमोर विचारून दाखव, मग मानू!" घ्या, विचारलं. कान तापले होते, पण मान ताठ होती.

किझायाचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही," एवढंच म्हणून ती उठली आणि निघून गेली.

खरं सांगायचं तर टॅम्सिन कालपासून जळत होती. चार वर्षं ती डॅडींबरोबर मेटल डिटेक्टर घेऊन नॉरफोकची शेतं पालथी घालत होती. मिळालं काय? बटणं, बंदुकीचे छर्रे, ट्रॅक्टरचे नट. किझाया त्यांच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात आली गेल्या उन्हाळ्यात. तिला आधी चांदीचं बक्कल मिळालं, मग अंगठी, आणि काल, जमीन दगडासारखी गोठलेली असताना, मध्ययुगातली चांदीची पेनी! क्लबचे अध्यक्ष मिस्टर बुलिमोर तर टोपी उडवून नाचले होते. टॅम्सिनच्या बटणांसाठी कधी कोणी नाचलं होतं?

ज्यांच्या कुरणात पेनी मिळाली त्या मिसेस लारवुड कप ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या जमिनीत कोणी लबाडी केली असेल तर फाटक बंद. सगळ्या क्लबाला. आणि पोरी, तू उगीच बोलली असशील तर इथेच उभी राहून माफी मागशील. रविवारपर्यंत सिद्ध कर."

"करीनच!" टॅम्सिन म्हणाली.

शेजारी बसलेले डॅडी आपल्या बुटांकडे बघत राहिले.

शाळेतली हरवलेली हॉकीची ढाल टॅम्सिनने शोधून दिली, तेव्हापासून डल्सी तिची मदतनीस झाली होती. मदतनीस म्हणजे काय, तर टॅम्सिन विचार करायची आणि डल्सी चिप्स खायची.

"पेनी मिळाली त्या दिवसाचं सगळं सांग," टॅम्सिन म्हणाली. "तू किझायाच्या शेजारच्या पट्ट्यात होतीस."

"सांगायला काय आहे? तुझ्या डॅडींनी टोपीतून एकेकाला चिठ्ठी काढून दिली. तुला कुंपणालगतचा पट्टा आला. तू म्हणालीस, किझायाच्या पट्ट्यातून जुनी पायवाट जाते, तिलाच नेहमी चांगलं मिळतं, मला तोच हवा. तुझे डॅडी म्हणाले, 'अदलाबदल नको, नियम आहे.' मग तू फुगून बसलीस."

"फुगले नव्हते."

"बेडकासारखी फुगली होतीस. शेवटी किझायाच म्हणाली, घे बाई माझा."

टॅम्सिनने विषय बदलला. "तिने खणलं कसं?"

"सहज! मी फावड्यावर दोन्ही पायांनी उड्या मारत होते, तरी पातं आत जाईना. वर कुंपणावरून दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत. आणि तिचं फावडं गेलं की केकमध्ये सुरी जाते तसं."

टॅम्सिनचे डोळे चमकले. तिलाही त्या दिवशी एकेका खड्ड्यासाठी रडू यायची वेळ आली होती. डॅडींनी शिकवल्याप्रमाणे तीन बाजूंनी गवत कापायचं, दक्षिणेची बाजू न कापता बिजागरीसारखी ठेवायची, म्हणजे झाकण परत बसवलं की मुळांना आधी ऊन मिळतं. गोठलेल्या जमिनीत एवढं सोवळं पाळायचं म्हणजे शिक्षाच होती.

मिस्टर बुलिमोर आपल्या सायकलच्या दुकानात चाकाची हवा बघत होते. सिद्ध करायचं तर आधी बाकीच्यांची नावं खोडायला हवीत, म्हणून टॅम्सिनने पेनीबद्दल त्यांनाही विचारलं.

"मी पुरली? कशाला?"

"पेपरात क्लबचं नाव येईल म्हणून," टॅम्सिन म्हणाली.

"ते येणारच आहे!" ते खूश होऊन म्हणाले. मग गंभीर झाले. "हे बघ, मी खणलं असतं तर लारवुडबाईंना लगेच कळलं असतं. मी आख्खी गोल चकती कापून काढतो. ती वाळते आणि बाई वर्षभर बोलणी ऐकवतात. तुम्हा बापलेकींचे ते बिजागरीचे लाड आम्हा बाकीच्यांना जमत नाहीत."

"कुरणावर जायचं हे आधी कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला आणि तुझ्या डॅडींना. बाकीच्यांना आम्ही शनिवारी संध्याकाळीच सांगतो, नेहमीसारखं. आधी बोभाटा झाला तर चोरटे अंधारात येऊन शेत साफ करून जातात."

मिसेस लारवुड गाईंना गवत टाकत होत्या.

"बुलिमोर आणि तुझे डॅडी परवानगी मागायला आले होते, गेल्या आठवड्यात सोमवारी. पाऊस नुकताच थांबला होता. चिखलाचे बूट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले, पुसावं मलाच लागलं. मग कुरण बघतो म्हणून दोघं दोन दिशांना गेले."

"आणि कडाका कधी सुरू झाला?"

"बुधवारी. तेव्हापासून गाईंच्या हौदातला बर्फ मी हातोडीने फोडतेय."

बाहेर आल्यावर डल्सी म्हणाली, "म्हणजे काहीच कळलं नाही."

"एक सोडून सगळं कळलं. चल, किझायाकडे."

किझायाच्या आईचं फिश-अँड-चिप्सचं दुकान होतं. किझाया आत बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"माफी मागायला आलीस की अटक करायला?"

"एकच विचारते. खणताना काय दिसलं?"

किझायाने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग किझाया म्हणाली, "तीन बाजूंनी पातं सरकन् गेलं. कुंपणाकडच्या बाजूला मात्र अजिबात जाईना. झाकण उचललं तर तीन बाजूंच्या कडांना खोलवर बर्फाच्या पांढऱ्या सुया होत्या. मला वाटलं, गोठलेली जमीन अशीच असते. मला कुठे एवढं कळतं? मी नवी आहे." तिचा आवाज फाटला. "ते बक्कल, ती अंगठी, सगळं मीच पुरलं असं आता लोक म्हणतायत. मी येणार नाही परत क्लबात. झालं समाधान?"

टॅम्सिन वळली आणि थेट घराकडे चालायला लागली. डल्सी तिच्या मागे धावली.

घरी डॅडी आणि मम्मी जेवायच्या टेबलाशी बसले होते. टॅम्सिनने कोटसुद्धा काढला नाही.

"सुटलं कोडं," ती म्हणाली.

"किझाया?" डल्सीने विचारलं.

"नाही गं. गवताच्या कडांच्या फटीत बर्फ होता, म्हणजे फट बर्फाच्या आधीची. कोणीतरी बुधवारच्या आधी, माती मऊ असताना, तिथे गवत कापलं आणि परत बसवलं. किझायाला कुरणाचं शनिवारी कळलं. तेव्हा जमीन दगड झाली होती."

"मग मिस्टर बुलिमोर! पक्कं!"

"ते गोल चकती कापतात. हा खड्डा तीन बाजूंनी कापलेला होता. चौथी बाजू कुंपणाकडची, आणि दुपारचं ऊन कुंपणावरून येत होतं. म्हणजे दक्षिण. दक्षिणेला बिजागरी या क्लबात दोघंच ठेवतात."

डल्सीने बोटं मोजली. "एक तू..." आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

डॅडींनी काटा खाली ठेवला.

"चिठ्ठ्या तूच वाटल्यास, डॅडी. पेनीचा पट्टा मलाच मिळावा असं तू ठरवलं होतंस. म्हणून अदलाबदल नको म्हणालास."

"नॉरिचच्या बाजारात घेतली होती," डॅडी हळूच म्हणाले. "किझायाला काही मिळालं की तू घरी येऊन कशी जळायचीस, ते बघवत नव्हतं गं. वाटलं, एकदा तुझाही चेहरा फुलावा. मग ती पेनी तिच्याच हातात गेली. ती एवढी खूश झाली की सांगायचा धीरच होईना."

"आणि मी हॉलमध्ये तिला चोर ठरवलं तेव्हा?"

डॅडींनी ताट बाजूला सारलं.

"मी यांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, उठा आणि बोला," मम्मी म्हणाली. "म्हणे, दोन दिवसांत विसरतील सगळे."

"किझाया नाही विसरणार," टॅम्सिन म्हणाली. "मला तिचा पट्टा हवा होता, डॅडी. तिचं सगळंच हवं होतं. ती लबाड निघावी असं मला इतकं वाटत होतं, की विचारण्याआधीच उत्तर ठरवून टाकलं होतं मी."

"टॅम्सी, आपण लारवुडबाईंना गुपचूप भेटू," डॅडी म्हणाले. "सगळ्यांसमोर कशाला? फाटक बंद झालं तर सगळा क्लब आपल्यावर..."

"होऊ दे बंद. माझा प्रश्न सगळ्यांसमोर होता, तर उत्तरही सगळ्यांसमोर देणार. रविवारी हॉलमध्ये मी उभी राहून सांगणार आहे: पेनी आमच्या घरची, पट्टा मी हट्टाने बदलला आणि किझायाने काहीही केलेलं नाही. तुझ्या वाटचं तू बोलावंस असं मला वाटतं, डॅडी. नाही बोललास तर मी बोलेन. आणि रविवारपर्यंत तिला वाट बघायला लावणार नाही. आत्ता तिच्या दुकानात जातेय, तिच्या आईसमोर माफी मागायला. जेवायला थांबू नका."