तबकडीवरचा पाऊस

शटर अर्धं खाली ओढ, केईगो. आणि नात्सुमी, तो पंखा जरा म्हाताऱ्याकडेही फिरव की. तुम्हा दोघांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे. आमच्या सेगावाला विचारून बघा. आयुष्यभर माझ्या शेजारच्या टेबलावर बसला, कधी थाप मारली नाही. गेल्या वर्षी त्याने हत्यारं खाली ठेवली ती कायमची. का ठेवली, ते त्यानेच मला सांगितलं.

सोळा ऑगस्टची संध्याकाळ होती. कुरे शहराच्या चढावर कुवाबारा नावाचा म्हातारा राहायचा. त्याच्याकडे मुलीचा खिशात मावणारा रेकॉर्डर होता, छोट्या तबकडीवर आवाज टिपणारा. तो हातचा सोडायला म्हातारा तयार नव्हता, म्हणून सेगावाच पिशवी घेऊन बसने वर गेला.

मुलीचं नाव चिनात्सु. बेडूक, पाऊस, जे ऐकू येईल ते टिपत बसायचं तिला वेड. त्याच्या तीन वर्षं आधी मोठ्या पावसात एका रात्री डोंगर सुटला आणि घराच्या मागच्या खोलीवर आला. ती मागे होती, गेली; म्हातारा पुढच्या खोलीत होता, वाचला. तिच्या पिशवीत रेकॉर्डर सापडला, पण लावला की म्हणे, तबकडी कोरी.

हसू नकोस केईगो, हे तुला यायला हवं. या यंत्रात आवाज लगेच उमटतो, पण कुठे काय टिपलंय त्याची यादी तबकडीवर चढते ती थांबवल्यावर. मधेच वीज गेली की आवाज आत आणि यादी नाही. मग आपण काय करतो? बटणं ठरलेल्या क्रमाने दाबून यंत्राला टेस्ट मोडमध्ये न्यायचं. तिथे ते तबकडीचं ऐकत नाही, आपलं ऐकतं. यादी बळजबरीने लिहून घ्यायची.

घरात म्हाताऱ्याची बायको सुमिए देवघरापुढे बसली होती, शेजारी भरलेली बॅग. सोळाची रात्र म्हणजे घरी आलेल्या मृतांना दारात जाळ करून परत धाडायची. गल्लीतले जाळ विझत आले होते. यांच्या दारातल्या काटक्या तशाच.

"पेटवल्या नाहीत?" सेगावाने विचारलं.

"आधी ती तबकडी बोलू दे," सुमिए म्हणाली. "मग पाठवीन तिला. मी त्या रात्री कामावर होते. हे म्हणतात, सगळ्यांबरोबर आसऱ्याला शाळेत जा असं यांनी तिला सांगितलं, तिनेच ऐकलं नाही. माझी पोर ऐकत नाही असं कधी झालं नव्हतं."

"हजारदा सांगितलं तुला," म्हातारा करवादला. "पळ म्हणालो होतो मी! त्यात असेल सगळं."

"असेल तर बॅग सोडते. नसेल तर आजच निघते."

सेगावाने टेस्ट मोड लावला. आधी यंत्र नीट टिपतं का बघायला आपली नवी तबकडी घातली आणि आपण सगळे माईकपुढे जे बोलतो तेच सवयीने बोलला. "आज आकाश निरभ्र आहे."

त्या घरात! देवघरापुढे! जीभ चावली बिचाऱ्याने, पण शब्द गेला होता.

त्याने ते परत लावलं. त्याचा आवाज स्वच्छ आला. आज आकाश निरभ्र आहे.

मागे पाऊस.

धो धो पाऊस... कौलांवर.

सेगावाने खिडकीबाहेर पाहिलं. चांदणं पडलं होतं.

"काका, आधीचं काही राहिलं असेल तबकडीवर," नात्सुमी, तू हेच म्हणणार ना? नवी तबकडी होती. वेष्टण त्याच्या गुडघ्यापाशी पडलं होतं.

तरी त्याने चिनात्सुची तबकडी घातली. यादी लिहिली. बटण दाबलं.

पाऊस. तोच.

मग मुलगी. "बाबा, शाळेत जाऊया का? सगळे चाललेत."

पाऊस...

"बाबा?"

आणि म्हाताऱ्याचा आवाज, कंटाळलेला. "बस गं गप. काही होत नाही."

पुढे काहीच नाही.

सुमिए म्हणाली, "मला माहीत होतं. मी खोटी ठरावी एवढंच वाटत होतं." बॅग उचलली. काटक्यांवरून पाय टाकून निघून गेली. जाळ केलाच नाही तिने. पोरीला पाठवलंच नाही.

मला त्या बाईचा राग येत नाही. म्हाताऱ्याचाही धड येत नाही. तीन वर्षं घोकून घोकून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

म्हाताऱ्याने सेगावाचा हात धरला. "तुमची ती नवी तबकडी घाला. मी आता बोलतो. आता टिपा."

"कुवाबारा-सान, नको."

"टिपा हो!"

सेगावाने टिपलं. म्हातारा माईकवर ओणवा झाला. "पळ, चिनात्सु. शाळेत जा. बाबा सांगतोय, पळ." तीनदा म्हणाला. रडत म्हणाला.

मग ऐकायला लावलं...

सेगावाने ते तिथेच बंद केलं. शेवटची बस निघून गेली होती. चढ पायी उतरला.

घरी येऊन त्याने ती नवी तबकडी आपल्या यंत्रात घालून टेस्ट मोडमध्ये पुसली. पुन्हा पुसली. यंत्र म्हणतं, कोरी आहे. तरी वाजते. मी स्वतः ऐकली आहे, या कानांनी.

म्हाताऱ्याचा एक शब्द त्यात नाही. सगळी शांतता आहे... आणि अगदी माईकला ओठ लावून कुणीतरी विचारतं,

"आत्ता सांगताय, बाबा?"